माया हा शब्द नसलेली ओळ

संकेश्वरहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. पत्र चार पानी आहे, त्यातला मुद्द्याचा भाग असा:

‘माझी पहिली कादंबरी छापायला निघाली आहे. हिडकल धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावांवरून ती सुचली. नायक निवृत्त मोजणीदार आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की विठ्ठलाचं जुनं देऊळ उघडं पडतं. तो दरवर्षी तिथं जातो, टेपनं मापं घेतो, जुन्या वहीत लिहितो आणि दरवर्षी मापं वेगळी येतात. गाव होतं तसं होतं, की त्याच्या डोक्यात तयार झालं, हे शेवटपर्यंत कळत नाही. सुरुवातीला भ्रम आणि वास्तव यांवर एखादं वचन असावं असं वाटतं. पाच काढून ठेवली आहेत: आइनस्टाईनचं “वास्तव हा एक भ्रमच, फक्त फार चिवट”, “ब्रह्म सत्यं जगन्मिथ्या”, गीतेतलं “दैवी ह्येषा गुणमयी मम माया दुरत्यया”, तुकोबांचं “सत्य असत्याशीं मन केलें ग्वाही”, आणि बेंद्र्यांच्या एका कन्नड कवितेच्या मराठी अनुवादातल्या चार ओळी. प्रकाशक म्हणतात, पंधरा दिवसांत एक काय ते सांगा. कुठलं घेऊ? परवानगी लागते का? कन्नड ओळ देवनागरीत छापली तर चालेल का? आणि ते येतं कुठल्या पानावर?’

ताई, सप्रेम नमस्कार.

पाचातलं एकही वचन आहे तसं घेऊ नका. एकाच्या पोटात मात्र तुम्हाला हवं ते दडलेलं आहे. ते कुठलं, ते पुढं सांगतो.

आधी आइनस्टाईन. हे वाक्य त्यांच्या लेखनात सापडत नाही. सापडतं ते असं: मिकेले बेसो हा त्यांचा जुना मित्र मार्च १९५५ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या घरच्यांना आइनस्टाईननी २१ मार्चला पत्र लिहिलं. त्यात म्हटलं आहे की आमच्यासारख्या भौतिकशास्त्रावर श्रद्धा असलेल्यांना भूत, वर्तमान, भविष्य हा भेद म्हणजे एक भ्रम, मोठा चिवट असला तरी. म्हणजे बोलणं काळाबद्दलचं, आणि तेही सांत्वनाच्या पत्रातलं. फिरता फिरता ‘काळ’ गळाला आणि ‘वास्तव’ चिकटलं. बुडालेल्या गावाच्या कादंबरीला खरं वाक्य खोट्यापेक्षा जास्त शोभलं असतं, हे कबूल. तरी पहिल्या पानावर आइनस्टाईन आले की वाचक विज्ञानकथेची वाट बघत बसतो, म्हणून तेही राहू द्या. मोबाइलवर आलेलं कुठलंही वचन छापण्याआधी एवढं बघायचं: ग्रंथ कुठला, प्रकरण किंवा पत्राची तारीख कुठली, आणि पान कुणी डोळ्यांनी पाहिलं आहे का. तिन्ही मिळालं नाही तर वचन सोडायचं. ‘कुठंतरी वाचलं होतं’ हे कॉलेजच्या वादविवादात चालतं, छापील पानावर नाही.

‘ब्रह्म सत्यं जगन्मिथ्या’ शंकराचार्यांच्या नावावर फिरतं. ते ब्रह्मज्ञानावलीमालेत आणि विवेकचूडामणीत येतं, आणि हे ग्रंथ खुद्द आचार्यांचेच का यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. अडचण त्याहून साधी आहे. हे उत्तर आहे. तुमचा मोजणीदार २०० पानं प्रश्न घेऊन फिरतो आणि तुम्ही पहिल्याच पानावर निकाल लावून मोकळ्या होता. ‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ ही म्हण टेम्पोच्या मागं शोभते. संस्कृतात सांगितलं म्हणून तिचं वजन फारसं वाढत नाही.

गीतेच्या ओळीत वेगळीच चूक आहे. सातव्या अध्यायातल्या चौदाव्या श्लोकाचा तुम्ही अर्धाच भाग घेतला. पुढचा अर्धा आहे ‘मामेव ये प्रपद्यन्ते मायामेतां तरन्ति ते’. माझी माया तरून जायला कठीण, हे पहिल्या अर्ध्यात; जे मला शरण येतात ते तरतात, हे दुसऱ्यात. गीता ज्यांनी वाचली आहे त्यांच्या कानात उरलेला अर्धा आपोआप वाजणार. तुमच्या कादंबरीत कुणीच तरत नाही. मायेवरच्या आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या वचनांत हा फास आहे: माया सांगितली जाते ती सुटकेची वाट दाखवण्यासाठी. आधुनिक कादंबरीकार फक्त पहिला भाग उचलतो आणि बोलणाऱ्याच्या तोंडी नेमका उलटा अर्थ घालून बसतो.

म्हणून कुठलीही ओळ निवडली की मूळ रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची. निदान आधीच्या चार आणि पुढच्या चार ओळी तरी.

आता तुकोबांकडं या. ‘सत्य असत्याशीं मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता ॥’ ही ओळ इतक्या नियतकालिकांनी आणि व्याख्यानांनी वापरली आहे की वाचकाची नजर तिच्यावरून घसरते. पण ती ज्या अभंगातली आहे तो उघडून बघा. ‘याति शूद्र’ असा सुरू होणारा हा तुकोबांचा आत्मचरित्रपर अभंग. या ओळीच्या लगेच खाली गुरूचा उपदेश स्वप्नात मानल्याचं येतं. सत्यासत्याला मन साक्षी ठेवलं म्हणणारा माणूस पुढच्याच ओळीत स्वप्नावर विश्वास ठेवतो. आणि आणखी थोडं खाली:

बुडविल्या वह्या बैसलों धरणें ।
केलें नारायणें समाधान ॥

विठ्ठलाचं देऊळ, पाणी, मोजणीदाराची वही, आणि वर ‘धरणें’. तुकोबांचं धरणं म्हणजे हट्टानं देवाच्या दारात बसणं. हिडकलच्या वाचकाला धरण आधी दिसणार आणि मग अर्थ पालटणार. हे दोन्ही अर्थ तुम्ही कुठंही समजावून सांगू नका, तळटीप तर मुळीच नको. अर्धी ओळ मात्र इथंही तोडू नका. ‘केलें नारायणें समाधान’ राहू द्या. तुमच्या कादंबरीत शेवटी पाणी पुन्हा चढतं आणि समाधान करायला कुणी येत नाही. वाचक शेवटून परत पहिल्या पानावर आला तर ती दुसरी ओळ त्याला टोचेल.

यातूनच निवडीची आमची कसोटी सांगतो. भ्रम आणि वास्तव या विषयाला ज्या ओळीत माया, भ्रम, मिथ्या, सत्य, वास्तव यातला शब्द आहे ती ओळ बहुतेक वेळा कमी पडते. तो शब्द म्हणजे कादंबरीच्या विषयाची पाटी होते. वही, देऊळ, डोळा, दोरी, पाणी असली वस्तू ज्या ओळीत आहे ती शोधा. साप आणि दोरीचा दृष्टांत शेकडो वर्षं टिकला तो दोरीमुळं.

तुमचा कन्नडचा प्रश्न याच कसोटीवर घेऊ. बेंद्रे बाजूला ठेवा, त्याचं कारण हक्काच्या मुद्द्याशी येईल. कन्नड संतकवी कनकदासांचं ‘नी मायेयोळगो, निन्नोळु मायेयो’ तुम्ही ऐकलं असणारच, आपल्याकडं कन्नड शाळेत न गेलेल्यांनाही ते माहीत असतं. तू मायेच्या आत, की तुझ्या आत माया? विषय अगदी नेमका आहे, आणि हे उत्तर नाही, प्रश्न आहे. पण पल्लवीत, म्हणजे धृपदात, ‘माया’ शब्द आला आणि ती अतिपरिचितही आहे. तिच्याखालचं पहिलं चरण बघा:

बयलु आलयदोळगो, आलयवु बयलोळगो
बयलु आलयवेरडु नयनदोळगो

बयलु म्हणजे मोकळी, उघडी जागा. बयलाट या उघड्यावरच्या कन्नड लोकनाट्यातला बयल तोच. आलय म्हणजे घर किंवा देऊळ. ओळगे म्हणजे आत, एरडु म्हणजे दोन. मोकळं रान देवळाच्या आत, की देऊळ मोकळ्या रानात? रान आणि देऊळ, दोन्ही डोळ्यांतच? पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या देवळासमोर टेप घेऊन उभ्या माणसाबद्दल याहून नेमकं काही सापडेल असं वाटत नाही. आमचं मत विचाराल तर कादंबरीच्या तोंडाशी हे, आणि तुम्ही म्हणता तसे दोन भाग असतील तर दुसऱ्या भागाच्या नावाच्या पानावर ‘बुडविल्या वह्या’. दोन्ही एकाच पानावर नकोत. एका पानावर दोन वचनं आली की वाचक त्यांच्यातलं नातं शोधत बसतो आणि कादंबरी बाहेर उभी राहते.

कन्नड ओळ देवनागरीत चालते, पण निष्काळजीपणे केली तर कन्नड वाचणारा हसतो, आणि तुमचे निम्मे वाचक कन्नड वाचणारे आहेत. मुख्य घोळ ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ चा. कन्नडात दोन्ही वेगळी अक्षरं आहेत, मराठी देवनागरीत एकच. ‘ओळगे’ मधला ओ ऱ्हस्व आहे, आपण तो ‘ओढा’तल्यासारखा लांब वाचतो. ऱ्हस्वासाठी ऎ, ऒ अशी खास चिन्हं आहेत खरी, पण मराठी वाचकाला ती छपाईची चूक वाटते आणि बऱ्याच फाँटांत ती नसतातही. तिथं चौकोन उमटतो. साधा ए-ओ वापरा. शेवटचा ‘गो’ काही पुस्तकांत ऱ्हस्व, काहींत दीर्घ छापलेला दिसेल. देवनागरीत तो प्रश्न उरत नाही, मूळ कन्नड लिपीही छापणार असाल तर एकच छापील संग्रह धरा आणि त्यातलं अक्षर न् अक्षर तसंच ठेवा. ‘ळ’ चा ‘ल’ होऊ देऊ नका. ओळीखाली मराठी अर्थ द्या, तो तुमचा तुम्हीच करा, आणि ‘मराठी अर्थ: लेखिका’ एवढं बारीक अक्षरात लिहा. मूळ ओळ वर, अर्थ खाली. उलट केलं की मूळ ओळ शोभेची होऊन बसते. सीमाभागात दोन भाषा एका पानावर आल्या की कुणीतरी भुवया उंचावतोच. कादंबरीतली माणसं दोन्ही भाषा बोलत असतील तर त्याची फिकीर करू नका. त्यांच्या तोंडी कन्नड एकदाही येत नसेल, तर मात्र दारावर कन्नड लावणं खोटं दिसेल. हस्तलिखितात ते तपासा.

आता परवानगी. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार साहित्याचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, आणि ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. तुकोबा आणि कनकदासांना हा प्रश्नच नाही. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, म्हणजे ३१ डिसेंबर २०१६ ला मुदत संपली. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांना २०५९ अखेरपर्यंत थांबावं लागेल. बेंद्रे ऑक्टोबर १९८१ मध्ये गेले, म्हणजे २०४१ अखेरपर्यंत हक्क त्यांच्या वारसांकडे. वर तुम्ही घेताय तो मराठी अनुवाद, आणि अनुवादाचा हक्क वेगळा असतो, अनुवादकाच्या आयुष्यावर मोजलेला. म्हणजे चार ओळींसाठी दोन परवानग्या. पंधरा दिवसांत दोन्ही हातात येणं कठीण. अशी पत्रं दोन-तीन महिने आधी टाकायची असतात, आणि त्यात नेमक्या ओळी, त्यांचं पुस्तक, तुमच्या कादंबरीचं नाव, किती प्रती आणि ई-बुक, ऑडिओबुक निघणार का, हे सगळं एकदाच लिहायचं. नाहीतर ऑडिओबुकच्या वेळी पुन्हा तोच फेरा.

‘चारच तर ओळी’ हे समर्थन फार पुढं जात नाही. कायद्यात उचित वापराची सूट आहे ती खासगी अभ्यास, टीका, परीक्षण, वृत्तांकन अशा कामांना. सजावटीसाठी लावलेलं वचन त्यात सहज बसत नाही. शिवाय बारा ओळींच्या कवितेतल्या चार म्हणजे एक तृतीयांश कविता झाली. सिनेमाच्या गाण्याची ओळ घेण्याचा मोह झालाच, तर तिथं हक्क बहुतेकदा संगीत कंपनीकडे असतो, आणि पहिल्या कादंबरीच्या प्रतींच्या मानानं त्यांची रक्कम झेपत नाही.

एक अपवाद लक्षात असू द्या. लेखक गेल्यावर पहिल्यांदा छापलेल्या रचनेची ६० वर्षं मृत्यूपासून नव्हे, प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपात आली. तिथं हिशेब १९५२ पासूनचा. तोही केव्हाच पुरा झाला. ‘अरे, संसार संसार, खोटा कधी म्हनू नही’ ही ओळ सांगायचं कारण, मायावाद्यांना घरातल्या बाईनं दिलेलं इतकं रोखठोक उत्तर मराठीत दुसरं नसेल. तुमच्या कादंबरीला ती नको, तिचा सूर खानदेशी आहे आणि हिडकलच्या पाण्यात उपरा वाटेल. पण दुसऱ्या कुणी घेतली तर ‘म्हनू नही’ चं ‘म्हणू नाही’ होणार नाही यावर डोळा ठेवावा. मुद्रितशोधक चांगल्या मनानं हे करतात.

तोच धोका तुमच्या अभंगाला आहे. ‘बैसलों धरणें’ चं ‘बसलो धरणे’ केलं की अक्षरं सहाच राहतात, पण तुकोबांची भाषा जाते. अक्षरांचा हिशेबही बघून ठेवा: बु-ड-वि-ल्या-व-ह्या सहा, बै-स-लों-ध-र-णें सहा, के-लें-ना-रा-य-णें सहा, स-मा-धा-न चार. जुने अनुस्वार ठेवायचे तर सगळे ठेवा, काढायचे तर सगळे काढा. आम्ही ठेवू, धरणें-नारायणें हे यमक त्यांच्यामुळं डोळ्यालाही दिसतं. ओळ तोडायची ती बारा अक्षरांवर, दंडाशी. दंड म्हणून कळफलकावरची उभी रेघ टाकू नका, देवनागरीचा खरा दंड टाका, आणि त्याच्याआधी न तुटणारी मोकळी जागा द्या, नाहीतर ‘॥’ एकटाच पुढच्या ओळीवर जाऊन बसतो. मजकूर श्रीलिपी या जुन्या टंकन-प्रणालीतून युनिकोडमध्ये आणला असेल तर हे पान नव्यानं टाइप करून घ्या. दुरुस्त करत बसण्यापेक्षा ते लवकर होतं.

पाठ कुठला धरला ते स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. तुकोबांच्या अभंगांची सरकारनं छापलेली गाथा आणि विष्णुबुवा जोगांची गाथा यांत क्रमांक जुळत नाहीत, एखादा शब्दही बदलतो. छापील पानावर क्रमांक नको, पण परीक्षकानं विचारलं तर तुमच्याकडं उत्तर हवं. श्रेय एका शब्दात द्या: तुकाराम. कनकदास. एकाला ‘संत’ लावलं तर दुसऱ्यालाही लावावं लागेल. ‘जगद्गुरू’ वगैरे दिंडीत शोभतं, दोन ओळींच्या खाली ती पदवी ओळींपेक्षा लांब होते.

पानाचं सांगतो. क्रम साधारण असा: नावाचं पान, त्याच्या पाठीवर प्रकाशनाचा तपशील, मग अर्पणपत्रिका, मग अवतरण, मग कादंबरी. मनोगत असेल तर ते अवतरणाच्या आधी घ्या, किंवा सरळ पुस्तकाच्या शेवटी टाका. अवतरण आणि पहिलं वाक्य यांच्या मध्ये तुमचं आभारप्रदर्शन आलं की ओळीचा नाद मोडतो. जागा उजव्या हाताच्या पानाची, पान क्रमांक न छापता, पाठ कोरी. यात दोन पानं जातात. डेमी आकाराचं पुस्तक १६ पानी फॉर्मात छापतात. तुमची कादंबरी नेमकी २२४ पानांत, म्हणजे १४ फॉर्मात बसत असेल तर ही दोन पानं प्रकाशकाला पुढच्या फॉर्मात ढकलतात आणि तो कुरकुरणार. त्याचं चूक नाही. अशा वेळी अर्पणपत्रिकेच्या पाठीवर, डाव्या पानावर अवतरण घ्या. समोर उजवीकडं पहिलं प्रकरण सुरू होईल. आम्हाला तर ती मांडणी जास्त आवडते.

मजकूर १३ पॉइंटात असेल तर अवतरण १२ मध्ये, श्रेय ११ मध्ये. तिरका टाइप नको. बहुतेक देवनागरी फाँटांना स्वतंत्र तिरकं रूप नसतं, संगणक सरळ अक्षरालाच ढकलून वाकवतो आणि मात्रा शेजारच्या अक्षरावर कलंडतात. मध्यावर जुळवूही नका, अभंगाच्या ओळी लहानमोठ्या असल्यानं तो लग्नपत्रिकेतला मजकूर दिसतो. डावीकडून एकाच रेषेत, अख्खा ठोकळा पानाच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात, थोडा उजवीकडं सरकवलेला. अवतरणचिन्हं लावू नका, श्रेय खाली आहे तेवढं पुरे.

पंधरा दिवसांचा हिशेब असा. पहिले दोन-तीन दिवस गाथेचे. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात किंवा जवळच्या कुठल्याही जुन्या ग्रंथालयात दोन वेगळ्या प्रती समोर ठेवून दोन्ही ओळी ताडून बघा. कनकदासांच्या कीर्तनसंग्रहाचंही तसंच. मग कन्नड विषय शिकवणाऱ्या सहकाऱ्याकडून देवनागरी ओळ मोठ्यानं वाचून घ्या. त्या कुठं अडखळतात तिथं अक्षर चुकलं आहे. मराठी अर्थाला चार-पाच दिवस द्या. ‘आलय’ ला घर म्हणायचं की देऊळ, हे तुमचं तुम्हीच ठरवायचं आहे, आणि कादंबरीचं अर्धं वजन त्या एका शब्दावर पडणार आहे. उरलेले दिवस प्रकाशकाच्या मुद्रिताचे. ते पान पडद्यावर पाहून होकार देऊ नका, कागदावर काढून मागवा.